जावक रजिस्टर आणि तापीचं पाणी

सुरत म्हटली की मराठी माणसाला दोन सालं पाठ असतात. १६६४ आणि १९०७. पहिल्या साली महाराजांनी शहर लुटलं, दुसऱ्या साली काँग्रेस फुटली आणि भर मंडपात जोडा उडाला. शाळेत इतिहासाच्या मास्तरांनी एवढं घोकून घेतलं की पुढे सुरत परीक्षेला येत नाही, म्हणून डोक्यातही येत नाही. मला ज्या सुरतेबद्दल लिहायचंय तिची सालं वेगळी आहेत. १९९४ आणि २००६. आणि लिहायचंय ते आरएसएसबद्दल.

थांबा, थांबा. शाखेबद्दल नव्हे! आमच्या ऑफिसातही हा शब्द काढला की निम्मे लोक कान टवकारतात आणि निम्मे टेबल सोडून चहाला जातात. मी बोलतोय ती आरएसएस म्हणजे इंटरनेटवरची फीड. संकेतस्थळावर काही नवं आलं की ते आपल्यापर्यंत आपोआप पोचवणारी साधी सोय. वीसेक वर्षांपूर्वी पानापानावर तिची केशरी चौकोनी खूण दिसायची, आत पांढऱ्या दोन कमानी आणि एक ठिपका. आजच्या पोरांना दाखवली तर वायफायची खूण म्हणतील.

आता सुरतेचा आणि हिचा संबंध काय? मंडळी, जरा धीर धरा.

माझी मावसबहीण लग्न होऊन सुरतेला गेली, त्याला आता पंचवीसेक वर्षं होऊन गेली. भावोजी रिंगरोडच्या कापड मार्केटात हिशेबनीस. मूळचे खानदेशातले. सुरतेत मराठी म्हणजे बहुतेक करून खानदेशच. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत फिरलात तर दुकानाच्या पाट्या गुजराती आणि भांडणं अहिराणी, असा प्रकार आहे. यंत्रमागावर आणि कापडाच्या गिरण्यांत काम करायला धुळे, जळगाव, नंदुरबारकडून माणसं गेली आणि तिथलीच झाली. तिथली महापालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा चालवते. (आम्ही इथे एका माध्यमाच्या वादावर तीस-पस्तीस वर्षं काढली. असो.)

गंमत बघा. ही माणसं ज्या वाटेने सुरतेला गेली, त्याच वाटेने तिथलं पाणीही जातं. तापी उगम पावते मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला. मग भुसावळ, जळगाव, नंदुरबार असा सगळा खानदेश ओलांडून गुजरातेत शिरते, उकाईच्या धरणात थांबते आणि सुरतेला वळसा घालून समुद्राला मिळते. म्हणजे खानदेशात पाऊस कोसळला की त्याची बातमी लिंबायतच्या खोलीत गावाहून फोनवर आधी येते. पाणी मागाहून.

आता ती दोन सालं.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगच्या बातमीने हाहाकार उडाला. वेड रोडच्या बाजूला माणसं दगावली आणि शहरभर एकच शब्द फिरला. पुढच्या चार-सहा दिवसांत काही लाख लोकांनी सुरत सोडली. रेल्वे स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब झालं. खाजगी डॉक्टरही दवाखान्याला कुलूप लावून गेले, असं तेव्हाच्या पेपरांत छापून आलं होतं. नक्की किती रुग्ण, कुठल्या भागात, कोणी घाबरायचं आणि कोणी नाही, हे सांगणारं काही हातात नव्हतं. होतं ते तोंडोतोंडी. देशात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं तेच मुळी पुढच्या वर्षी, १९९५ च्या १५ ऑगस्टला.

ऑगस्ट २००६ मध्ये बरोबर उलट झालं. तेव्हा पळायला हवं होतं, आणि माणसं घरात बसून राहिली. उकाईचं धरण सुरतेच्या वर सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. ते १९७२ साली पुरं झालं. त्याआधी १९६८ साली तापीने शहर बुडवलं होतं, म्हणून धरण झाल्यावर लोकांच्या मनात एक निर्धास्तपणा आला होता. २००६ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वर तुफान पाऊस झाला, धरणात पाणी मावेना, आणि ७ तारखेपासून जो विसर्ग वाढवत नेला तो नऊ लाख क्युसेकच्या आसपास पोचला. शहराचा बराचसा भाग पाण्याखाली गेला. अडाजण, रांदेर, कतारगाम ही चांगली भरवस्तीची ठिकाणं, तिथे पहिला मजला बुडाला. धरण आधीच इतकं भरू द्यायला नको होतं, पाणी आधीपासून थोडं थोडं सोडायला हवं होतं, असं तेव्हा पुष्कळ जाणकारांनी म्हटलं. सरकारी बाजू अशी की, एवढं पाणी येईल याची कल्पनाच नव्हती. तो वाद मी सोडवायला बसलेलो नाही.

मला त्यातलं एकच सांगायचंय. ताई तेव्हा अडाजणला दुसऱ्या मजल्यावर होती. दोन लहान मुलं आणि म्हातारी सासू. तीन दिवस पाण्यात. गच्चीवरून दूध-बिस्किटं ओढून घेतली. तिला मी पुढे विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं नाही? ती म्हणाली, "अरे, सांगायला शंभर जण होते. कोण म्हणत होतं दोन लाख सोडलंय, कोण म्हणत होतं सहा लाख. मामेसासऱ्यांचा फोन आला, ते म्हणाले काही नाही, निवांत राहा. खरा आकडा कुठला ते कोणाला ठाऊक?"

खरा आकडा कुठला. मला वाटतं १९९४ आणि २००६ या दोन्ही सालांचं दुखणं या तीन शब्दांत आहे. एकदा बातमी फार होती आणि तिला मालक नव्हता. दुसऱ्यांदा बातमीला मालक होता, पण ती त्याच्या टेबलावरून माझ्या ताईच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत येता येता तिचे दहा तुकडे झाले. दोन्ही वेळी हवी होती ती गोष्ट साधी आहे: जिथे आकडा जन्मतो तिथून, वेळेच्या शिक्क्यासह, मधे कोणी न शिवता आपल्या हातात येणारा कागद.

आता मी कारकून माणूस. कला शाखेचा पदवीधर. कॉम्प्युटरचं मला तेवढंच कळतं जेवढं आमच्या सेक्शनला लागतं. पण फीड मला लगेच कळली, कारण ती म्हणजे दुसरं तिसरं काही नसून जावक रजिस्टर आहे.

ज्यांनी सरकारी ऑफिस आतून बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऑफिसातून बाहेर पडणारा प्रत्येक कागद जावक रजिस्टरात नोंदवतात. क्रमांक, तारीख, विषय, कोणाला पाठवला आणि मूळ कागद कुठल्या फायलीत आहे. रजिस्टर उघडून पाच ओळी वाचल्या की आठवड्यात ऑफिसाने काय केलं ते कळतं. सगळ्या फायली उघडायची गरज नाही. फीड म्हणजे संकेतस्थळाने दारात टांगून ठेवलेलं असंच एक रजिस्टर. साध्या मजकुराची एक फाईल असते. तिच्यात प्रत्येक नव्या गोष्टीची एकेक नोंद: मथळा, दोन ओळींचा सारांश, मूळ पानाचा पत्ता, प्रसिद्ध झाल्याची तारीख-वेळ, आणि ती नोंद दुसऱ्या कशाशी गल्लत होऊ नये म्हणून तिचा स्वतःचा एक क्रमांक. बस्स. चित्रं नाहीत, रंग नाहीत, लखलखणाऱ्या जाहिराती नाहीत. बघायला म्हणाल तर अगदीच भिकार दिसते. रजिस्टरं तशीच दिसतात.

मग हे रजिस्टर वाचायचं कोणी? त्यासाठी फीड रीडर नावाचा प्रोग्राम असतो, फोनवर किंवा कॉम्प्युटरवर. त्याला मी आमच्या सेक्शनचा शिपाई म्हणतो. तुम्ही त्याला एकदा वीस-पंचवीस दारांचे पत्ते दिले की तो ठरावीक वेळाने प्रत्येक दाराशी जातो आणि विचारतो, मागच्या खेपेनंतर नवी नोंद आहे काय? दाराशी उत्तर मिळतं, नाही, काही बदललेलं नाही. तर तो रिकाम्या हाताने पुढच्या दारी. असेल तर तेवढी नवी नोंद घेऊन येतो आणि तुमच्या टेबलावर तारखेप्रमाणे लावून ठेवतो. फीड आपल्याकडे चालून येते असं म्हणतात, ते पूर्ण खरं नाही. आपल्या पोदेरासारखी ती भोंपू वाजवत दारात येत नाही. आपलाच माणूस आपल्यासाठी फेऱ्या मारतो. हा फरक बारीक आहे पण महत्त्वाचा आहे, कारण शिपाई आपला असल्यामुळे कुठल्या दारी जायचं आणि कुठल्या नाही हे आपण ठरवतो. ज्याचं दार नको झालं त्याचा पत्ता खोडला की संपलं. त्या दारवाल्याला तुमचं नाव, गाव, फोन नंबर काहीही ठाऊक नसतं. तुम्ही कधी निघून गेलात हेही नाही.

ही गोष्ट जुनी आहे. १९९९ साली नेटस्केपवाल्यांनी पहिली आवृत्ती काढली, २००२ पर्यंत डेव्ह वायनर वगैरे मंडळींनी तिला आजचं साधं रूप दिलं. मधल्या एका आवृत्तीच्या कामात अ‍ॅरन स्वार्ट्झ नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता. ऑक्टोबर २००५ मध्ये गूगल रीडर आला आणि आमच्यासारख्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसणाऱ्यांची चंगळ झाली. पंधरा पानं एकेक करून उघडायची ती एकाच जागी मिळायला लागली. २००६ साली, म्हणजे ताई गच्चीवर दोरी सोडून दूध ओढत होती त्याच साली, ही सोय ऐन भरात होती. यंत्र तयार होतं. त्या यंत्रात उकाईचा आकडा टाकायचं कोणाच्या डोक्यात नव्हतं, एवढंच.

पुढे १ जुलै २०१३ ला गूगलने रीडर बंद केला. त्याच वर्षी ट्विटरने आपल्या फीड काढून टाकल्या. फायरफॉक्सने २०१८ च्या डिसेंबरात आपल्यातली सोय उचलली. कारण सांगण्यात आलं की वापरणारे कमी झाले. मला विचाराल तर खरं कारण हे की रजिस्टर वाचणाऱ्या माणसाला जाहिरात दाखवता येत नाही आणि त्याला अडकवूनही ठेवता येत नाही. तो पाच ओळी वाचतो आणि आपल्या कामाला लागतो. असलं गिऱ्हाईक कोणाला परवडणार?

आणि मग नाव तेवढं चोरलं. आज फीड म्हटलं की फोनवर बोटाने वर वर सरकवत राहायची ती न संपणारी पट्टी. तिच्यात काय यावं, कुठल्या क्रमाने यावं हे आपण ठरवत नाही. कंपनीचं गणित ठरवतं. काल सकाळचा इशारा आज संध्याकाळी वर येतो, कारण त्याला आज जास्त लाइक मिळाले. मनोरंजनाला ठीक आहे. मांजराची गंमत एक दिवस उशिरा बघितली म्हणून कोणाचं बिघडत नाही. पण धरणाचा आकडा एक दिवस उशिरा? चवथीच्या बाजाराला दुसऱ्या दिवशी जाण्यासारखंच ते.

गेल्या पावसाळ्यात ताईकडे आठवडाभर राहून आलो. (लोचो खाल्ला. सुरतेत हा बेसनाचा एक उकडलेला पदार्थ आहे आणि फारच झकास लागतो. नावावर जाऊ नका.) पावसाने जोर धरला होता, उकाईचं पाणी ३४५ फुटांच्या पूर्ण पातळीला कधी लागेल यावर सोसायटीत चर्चा चालू होत्या. ताईच्या फोनवर सोसायटीचा ग्रुप, नात्यातला ग्रुप, खानदेशी मंडळाचा ग्रुप. तासाभरात एकच व्हिडिओ चार वेळा आला, धरणाचे दरवाजे उघडताहेत आणि खाली फेसाळलेलं पाणी. भावोजी हिशेबनीस, तेव्हा बारकाव्याने बघायची सवय. म्हणाले, "हे उकाईच नव्हे. दुसरंच कुठलं तरी धरण आहे."

फॉरवर्डची मेख इथेच आहे. फॉरवर्डला जावक क्रमांक नसतो. कुठून निघाला, कधी निघाला, मूळ कागद कुठे आहे, काही काही नसतं. २०१८ पासून त्याच्यावर 'फॉरवर्डेड' अशी पट्टी येते आणि एका वेळी पाचच जणांना पाठवता येतो. त्याने वेग कमी झाला असेल, पण निनावी कागदावर निनावी असं लिहिल्याने तो खरा होत नाही. आमच्या ऑफिसात बिनसहीचा, बिनतारखेचा कागद आला तर आम्ही तो फाईलला लावतो आणि विसरून जातो. तोच माणूस घरी जाऊन तसाच कागद चाळीस जणांना पाठवतो!

आणि खरा आकडा? तो होता की. पावसाळ्यात उकाईची पातळी, आत येणारं पाणी, बाहेर सोडलेलं पाणी, शहरातल्या कॉजवेची पातळी, हे सगळं सुरत महापालिकेच्या संकेतस्थळावर असतं. २००६ च्या मानाने ही मोठी सुधारणा आहे आणि तिचं श्रेय द्यायला पाहिजे. धरणात येणाऱ्या पाण्याचा अंदाज केंद्रीय जल आयोगही देतो. पण ताईने दुपारी बारापासून रात्री दहापर्यंत ते पान किती वेळा उघडलं ते मी मोजलं. सत्तावीस वेळा. त्यातल्या वीसेक वेळा आकडा जुनाच होता. अठ्ठाविसाव्या वेळी तिला झोप लागली असती आणि नेमका तेव्हाच बदलला असता तर? आकडा पानावर असणं आणि आकडा तुमच्या टेबलावर येणं यात एवढं अंतर आहे. ते बुजवायला नवा शोध लागत नाही. १९९९ सालचाच पुरतो.

हे काही माझ्या मनचे मांडे नाहीत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' नावाचं स्थळ आहे. देशभरातले पाऊस, पूर, वीज, वादळ यांचे इशारे तिथे एकत्र होतात, आणि त्या इशाऱ्यांची फीडही तिथे आहे. रीडरच्या शिपायाला तो पत्ता दिला की झालं. हे इशारे एका आंतरराष्ट्रीय नमुन्यात लिहिलेले असतात. कॅप म्हणतात त्याला. नमुना कसला, आमच्या परिपत्रकासारखा छापील फॉर्मच: संकट काय, किती तातडीचं, किती गंभीर, किती खात्रीचं, कुठल्या भागाला, कधीपर्यंत लागू. 'कधीपर्यंत लागू' हा रकाना मला फार आवडला. फॉरवर्डवर हा रकाना असता तर निम्म्या ग्रुपांवर शांतता नांदली असती.

त्या नमुन्यात आणखी एक सोय आहे जिच्याबद्दल आपण मराठी माणसांनी बोलायला हवं. एकाच इशाऱ्यात तोच मजकूर अनेक भाषांत, भाषेचं नाव घालून, एकाखाली एक देता येतो. म्हणजे सुरतेच्या इशाऱ्यात गुजरातीखाली मराठी, त्याखाली हिंदी, त्याखाली उडिया. वाचणाऱ्याच्या फोनने आपली भाषा तेवढी उचलायची. ज्या शहराने यंत्रमागावरच्या मजुराच्या मुलासाठी त्याच्या भाषेत शाळा काढली, त्या शहराने त्याच्या बापाला पुराचा आकडा त्याच्या भाषेत द्यावा, ही मागणी काही डोईजड नाही. भाषेच्या अस्मितेवर सभा भरवणाऱ्यांनी एखादी सभा या चार ओळींसाठी भरवायला हरकत नाही. आणि सरकारी भाषांतर येईपर्यंतही थांबायला नको. फीड ही यंत्राला वाचता येणारी गोष्ट असल्याने लिंबायतमधला एखादा कॉलेजचा पोरगा ती उचलून अहिराणीत मंडळाच्या फलकावर लावू शकतो. खाली मूळ पत्ता असतोच, ज्याला शंका येईल त्याने जाऊन ताडून बघावं.

आता कोणी म्हणेल, अहो कारकून, पाणी गळ्याशी आलेला माणूस फीड वाचत बसणार काय? बरोबर आहे. नाही बसणार. वीज जाते, टॉवर बंद पडतात, फोनची बॅटरी संपते. तिथे भोंगा लागतो, रिक्षावरचा कर्णा लागतो, होडी लागते. शिवाय शिपाई फेरी मारतो तो मिनिटामिनिटाला नव्हे. फुकटचे काही रीडर तासा-अर्ध्या तासाने जातात. आणि ज्याने आकडा लिहायचा त्याने उशिरा लिहिला तर फीडसुद्धा उशिराच. रजिस्टर कितीही चांगलं असलं तरी नोंद करणारा हात लागतोच, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

पण फीड सगळ्यांनी वाचायची नसतेच. प्रत्येक ऑफिसात राजपत्र वाचणारा एक माणूस असतो. आमच्याकडेही आहे. गोव्याचं राजपत्र गुरुवारी निघतं, मधे असाधारण अंक वेगळे. तो एकटा सगळं चाळतो आणि मग भत्त्याचा आदेश निघालाय, बदलीची यादी आलीय, हे साऱ्या मजल्याला कळतं. आम्ही कोणी राजपत्र वाचत नाही, पण तो वाचतो म्हणून आम्ही निर्धास्त. प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक चाळीत असा एक माणूस असला आणि त्याच्या हाती खरं रजिस्टर असलं, तर भोंग्याच्या आधी चार-पाच तास हातात येतात. उकाईचं पाणी सुरतेला पोचायला काही तास लागतात. म्हातारीला वरच्या मजल्यावर न्यायला, पाण्याची पिंपं भरून घ्यायला, गाडी पुलापलीकडे लावायला ते तास पुरतात.

सुरतेचा नर्मद १८६४ साली एक पाक्षिक काढायचा, 'डांडियो' नावाचं. डांडियो म्हणजे दांडकं आपटत रात्री गस्त घालणारा पहारेकरी. नाव ऐकल्यावर मला वाटलं, दीडशे वर्षांपूर्वीच याला कळलं होतं की ओरडून उठवणं हे एका माणसाचं काम असतं. बाकीच्यांनी झोपायचं असतं. पण तो जागा आहे हे ठाऊक असायला हवं.

आपलं गोव्याचं काय, असं तुम्ही विचारणारच. आपली तिळारी बघा. धरण महाराष्ट्रात दोडामार्गाला, पाणी सोडलं की शापोराकाठच्या आपल्या गावांत. अंजुण्याचं पाणी आणि वाळवंटीची भरती यांची गाठ पडली की साखळीचा बाजार कसा होतो ते साखळीकरांना विचारा. २३ जुलै २०२१ ला सत्तरी, डिचोलीत घरं पडली, तेव्हाही ग्रुपांवर आकडे फिरत होते, आणि कुठला कोणाचा हे कळत नव्हतं. पाणी दुसऱ्या राज्यातून येतं आणि बातमी तिसऱ्याच माणसाकडून, ही सुरतेची कथा आपल्याला परकी नाही.

मी फीडच्या बाजूने आहे त्याचं शेवटचं कारण मात्र पुराच्या नंतरचं आहे. २००६ नंतर सुरतेत वर्षानुवर्षं वाद चालला तो मुख्यतः एकाच गोष्टीवर: कोणाला काय, कधी ठाऊक होतं. पानावरचा आकडा पुसून नवा लिहिला की जुना गेला. फीडमधली नोंद एकदा बाहेर पडली आणि हजार शिपाई ती आपापल्या टेबलांवर घेऊन गेले की मग ती मागे घेता येत नाही, आणि मागची तारीखही टाकता येत नाही. नोकरीत मी एक गोष्ट बघितली आहे. चौकशी लागली की साहेब आठवणी सांगतात आणि कारकून रजिस्टर काढतो. रजिस्टर जनतेच्या टेबलावर असेल तर कोणाच्या आठवणीवर विसंबायची पाळी येणार नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की जिथे जिथे धरणाचा, नदीचा, पावसाचा आकडा सरकारी पानावर टाकला जातो, तिथे तो फीडमध्ये टाकणं सक्तीचं करावं. खर्च जवळपास काही नाही. अंगावर येणारी गोष्ट एकच, शिक्का पडतो.

तुम्हाला करून बघायचं असेल तर फीडली, इनोरीडर असे रीडर फुकटात मिळतात. तुमच्या वर्तमानपत्राचं किंवा संस्थेचं संकेतस्थळ वर्डप्रेसवर चालत असेल (पुष्कळांची चालतात) तर त्याच्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत फीड एवढं लिहा, रजिस्टर उघडतं. यूट्यूबच्या वाहिन्यांना आजही फीड आहे. आणि पॉडकास्ट ऐकणारे तर न कळत आरएसएसच वापरतात, ते सगळं हिच्यावरच चालतं.

ताईच्या फोनवर मी रीडर घालून दिला आहे. सचेतची फीड, दोन गुजराती वर्तमानपत्रं, एक जळगावकडचं, आणि तिच्या हट्टाने एक पाककृतींचं. उकाईच्या आकड्यांची फीड असावी आणि तीत मराठीही असावी, असा अर्जाचा मसुदाही दोन पानांत करून दिलाय. भावोजींचे शेजारी निवृत्त शिक्षक आहेत, ते तो गुजरातीत उतरवून देणार आहेत. सोसायटीतल्या आणि मंडळातल्या मिळून चाळीसेक सह्या होतील असं ताई म्हणते. देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मागून घे, तोंडी 'हो हो' वर परत फिरू नकोस, एवढं मी तिला दोनदा बजावलंय.